जुना लॅपटॉप घेताना: जे बदलता येत नाही ते आधी बघा

"आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, एसएसडी, एकदम शोरूम पीस." जुन्या लॅपटॉपच्या दुकानात शिरलं की पहिल्या मिनिटात हे कानावर येतं. यातलं काहीच खोटं नसेल, तरीही तो लॅपटॉप घेण्यासारखा नसू शकतो. रॅम (काम चालू असताना वापरली जाणारी मेमरी) आणि एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क) बहुतेक यंत्रांत तुम्ही घरी बसून, एका स्क्रू ड्रायव्हरने बदलू शकता. प्रोसेसर, मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड आणि बिजागऱ्या यांचं तसं नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर कायमचा डकवलेला असतो आणि बाकीचं बदलायला गेलात तर वाचवलेले पैसे तिथेच जातात. म्हणून जे बदलता येत नाही ते आधी बघायचं, त्याचाच भाव करायचा. उरलेलं नंतर आपल्या सवडीने करता येतं.

घरातल्या मुलाच्या डिप्लोमासाठी, किराणा दुकानाच्या बिलिंगसाठी, शिकवणीसाठी किंवा लिखाणासाठी कमी पैशात चांगलं यंत्र शोधणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

नवा की जुना

मोठ्या कंपन्या लॅपटॉप भाड्याने किंवा घाऊक घेतात आणि तीन-चार वर्षांनी सगळे एकदम बदलतात. पुणे, बंगळूर, हैदराबादच्या ऑफिसांतून निघालेली ही यंत्रं लिलावातून ठोक व्यापाऱ्यांकडे आणि तिथून तुमच्या शहरातल्या दुकानात येतात. लेनोव्होची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक ही त्यातली नेहमीची नावं. नवी असताना ती महाग होती, कारण त्यांचा सांगाडा दणकट, कीबोर्ड चांगला आणि मागचं झाकण उघडून दुरुस्ती करता येईल अशी रचना होती. त्याच पैशात आज मिळणारा नवा लॅपटॉप बहुतेक वेळा सेलेरॉन किंवा तत्सम अगदी खालच्या प्रोसेसरचा, प्लॅस्टिकच्या बॉडीचा आणि बोर्डावरच डकवलेल्या रॅमचा असतो. अभ्यास, ऑफिसची कामं, टॅली, प्रोग्रामिंग शिकणं यासाठी मी डोळे मिटून कंपनीतून निघालेल्या जुन्याच्या बाजूने कौल देईन.

काही बाबतीत मात्र जुन्याच्या नादी लागू नका. गेम्स, व्हिडिओ एडिटिंग किंवा त्रिमितीय डिझाइनचं काम असेल तर स्वतंत्र ग्राफिक्स चिप लागते आणि असे जुने लॅपटॉप आधीच्या मालकाने तापवून तापवून झिजवलेले असतात. रिटर्न भरायच्या हंगामात यंत्र एक दिवस बंद पडलं तर तुमचं काम अडत असेल, तर घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या वॉरंटीसकट नवाच घ्या. नवा घेताना 'नो कॉस्ट ईएमआय'कडे जरा निरखून बघा. व्याजाइतकी सूट आधी दिलेली असते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच खात्यातून जाते.

आठव्या पिढीची रेघ

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि एएमडीच्या लॅपटॉपांत रायझन ३००० मालिकेपासून पुढेच चालते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे बाजारात दोन ढीग पडले आहेत. रेघेच्या खालचा, म्हणजे सातव्या पिढीपर्यंतचा, माल झपाट्याने स्वस्त झाला आहे आणि तोच तुमच्या गळ्यात मारायची घाई दुकानदाराला असते.

पिढी ओळखायला 'आय-फाइव्ह', 'आय-सेव्हन' या शब्दांकडे बघू नका, त्यापुढचा आकडा बघा. आय-५ ८२५०यू यात पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. आय-७ ७५००यू ही सातवी. आय-५ १०२१०यू दहावी, आय-५ ११३५जी७ अकरावी. आठव्या पिढीत इंटेलने पातळ लॅपटॉपांच्या प्रोसेसरमधले कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) दोनावरून चार केले. म्हणून आठव्या पिढीचा आय-५ हा सातव्या पिढीच्या दोन कोअरच्या आय-७ पेक्षा ढीगभर कामं एकदम उघडली की सरस ठरतो. बायकोच्या भावाच्या मित्राने "आय-सेव्हन घे" असं सांगितलं असेल तरी हा आकडा वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर युक्तीने विंडोज ११ बसवून देणारे पुष्कळ आहेत. ते चालतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर करायचे त्यावर हा खेळ नको. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली वापरायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. मग सातव्या पिढीचं चांगल्या अवस्थेतलं यंत्र अगदी कमी पैशात घ्यावं आणि पुढची काही वर्षं निवांत वापरावं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच.

मॅकबाबत थोडक्यात. इंटेलवाले मॅक आता घेऊ नका. मॅकओएस टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, असं ॲपलने जून २०२५ मध्येच सांगितलं आहे. एम-१ पासून पुढचे मॅक चांगले आहेत, पण त्यांत रॅम आणि स्टोरेज दोन्ही पक्कं बसवलेलं असतं. घेताना जे असेल तेच शेवटपर्यंत, हे धरून चाला.

कोणतं मॉडेल

२०१८ च्या सुमाराची तीन मॉडेलं आजही जुन्या बाजारात दिसतात आणि बहुतेक आठव्या पिढीसह येतात: थिंकपॅड टी ४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि एलिटबुक ८४० जी ५. तिन्हींत रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी ४८० मध्ये एक बॅटरी आत आणि एक बाहेरून काढता येणारी असते, ही आपल्याकडच्या वीज जाणाऱ्या गावांत मोठीच सोय. नावात एखादं अक्षर वाढलं की आतली रचना बदलते हे मात्र ध्यानात ठेवा. टी ४८० एस मध्ये काही रॅम बोर्डावर पक्की आणि एकच स्लॉट आहे. एक्स-१ कार्बन दिसायला देखणा, पण त्याची सगळीच रॅम डकवलेली. आठ जीबीचा एक्स-१ कार्बन घेतलात तर तो आठ जीबीचाच राहणार.

स्क्रीनबद्दल दुकानदार आपणहून सांगत नाही. एकाच मॉडेलमध्ये १९२० गुणिले १०८० ची आयपीएस स्क्रीन (बाजूने पाहिली तरी रंग टिकवणारी) असलेले आणि १३६६ गुणिले ७६८ ची साधी टीएन स्क्रीन असलेले, असे दोन्ही प्रकार आलेले असतात. बाहेरून दोन्ही सारखेच. टीएन स्क्रीन बाजूने पाहिली की रंग पालटतात, वरून पाहिली की चित्र पांढुरकं होतं. दिवसाचे सहा-आठ तास जिच्याकडे बघायचं तिच्यासाठी हजार-दोन हजार जास्त द्यावे लागले तर द्या. मी तर रॅम कमी असलेला पण चांगल्या स्क्रीनचा नग आधी उचलेन.

कुठून घ्यायचा

मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव दिसेल. एका रस्त्यावर एकाच मॉडेलचे पाच-सहा नग बघून भाव पडताळता येतो, हा तिथला खरा फायदा. पुण्यात सुट्या भागांसाठी लोक तपकीर गल्लीकडे वळतात. दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट हे असेच मोठे बाजार. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथूनच घ्यावा, पण गावी पाठवण्यासाठी लांबून कुरियरने मागवण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये.

जवळचं दुकान थोडं महाग वाटलं तरी त्याला मोल आहे. बरेच दुकानदार 'टेस्टिंग वॉरंटी' म्हणून आठ-पंधरा दिवस किंवा महिनाभर देतात, आणि ती वापरायला पुन्हा त्याच दारात जावं लागतं. वॉरंटीत बोर्ड धरला आहे का, स्क्रीन धरली आहे का, पैसे परत की फक्त बदली नग, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी "मी बसलोय ना इथे" याला नंतर काही अर्थ उरत नाही.

ओळखीत कुणी कंपनीत असेल आणि कंपनी आपल्याच कर्मचाऱ्यांना जुनी यंत्रं विकत असेल तर सोन्याहून पिवळं. एका हातातलं यंत्र, इतिहास माहीत.

ऑनलाइन जाहिरातीवरून घरगुती विक्रेत्याकडून घेताना मूळ बिल मागा. नसेल तर विक्रेत्याकडून साध्या कागदावर नाव, तारीख, मॉडेल, सिरियल नंबर आणि सही घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. भाव अविश्वसनीय कमी असेल आणि विक्रेता चार्जरही देऊ शकत नसेल, तर ते कारण पुरेसं आहे. यंत्र हातात येऊन तपासून होईपर्यंत एक रुपयाही विसार देऊ नका.

टेबलावरची तपासणी

इथे घाई करायची नाही. पाऊण तास लागतो आणि चांगला दुकानदार तो देतो. "साहेब, गिऱ्हाइकं थांबलीत" म्हणणाऱ्याकडून उठून या. सोबत एक पेनड्राइव्ह, इयरफोन आणि फोनचा हॉटस्पॉट असू द्या.

पहिलं काम यंत्र बंद असताना करायचं. ते टेबलावर ठेवा. डगमगतंय का? टचपॅड एका बाजूने उचलल्यासारखा वाटतोय का? दोन्हींतून आतली बॅटरी फुगल्याचा संशय येतो. फुगलेल्या बॅटरीचं यंत्र चार्जिंगला लावूच नका. मग उलटं करून सगळे स्क्रू जागेवर आहेत का, त्यांची तोंडं खरवडलेली आहेत का ते बघा. स्क्रीन हळूहळू उघडमीट करा. बिजागरीपाशी कटकट आवाज किंवा बॉडी फाकताना दिसली तर तो नग सोडा. कोकण किंवा गोव्यातून आलेल्या यंत्राचे यूएसबी आणि एचडीएमआयचे पोर्ट टॉर्च मारून बघावेत. खाऱ्या दमट हवेने धातूवर पांढरट-हिरवट थर धरतो आणि बाहेर तो दिसतो तेव्हा आत बोर्डावरही असण्याची दाट शक्यता असते.

आता चालू करा आणि चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. डेलला एफ-२, एचपीला एफ-१०, थिंकपॅडला एफ-१. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. "तो काढून देतो" हे आश्वासन घेऊन घरी येऊ नका, कारण थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बॅटरी काढून जात नाही. बायोसमधला सिरियल नंबर आणि पाठीवरच्या स्टिकरचा नंबर एकच असायला हवा. वेगळा असेल तर बोर्ड किंवा खालचं झाकण बदललेलं आहे. तो नंबर कंपनीच्या सपोर्टच्या वेबसाइटवर टाका. वॉरंटी कधी सुरू झाली ते कळतं, म्हणजे यंत्राचं खरं वय कळतं. डेलच्या बाबतीत सर्व्हिस टॅगवरून (डेल आपल्या सिरियल नंबरला हेच म्हणते) कारखान्यातून निघताना आत काय काय होतं तेही दिसतं. बायोसमध्येच ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाची सोय 'ॲक्टिव्हेटेड' दिसली, तर आधीच्या कंपनीचा ताबा अजून सुटलेला नाही असं समजा.

त्याच ताब्याची दुसरी खूण अशी. दुकानदाराला विंडोज तुमच्यासमोर रीसेट करायला सांगा आणि सुरुवातीच्या मांडणीत इंटरनेट जोडा. त्या वेळी पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव झळकलं आणि त्या कंपनीचा ईमेल मागितला, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या यादीत नोंदलेलं आहे. इंटरनेट न जोडता मांडणी केली की ही गोष्ट झाकली जाते, म्हणून काही जण मुद्दाम तसं करून ठेवतात. मॅकला हेच लागू. ॲक्टिव्हेशन लॉक (आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप) किंवा कंपनीचं व्यवस्थापन शिल्लक असलेला मॅक फुकट दिला तरी घेऊ नये.

विंडोज सुरू झालं की स्क्रीन. पूर्ण पांढरं चित्र लावा, मग पूर्ण काळं. पांढऱ्यावर डाग आणि दाबाच्या खुणा दिसतात, काळ्यावर कडेने झिरपणारा उजेड. प्रखरता सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त करून बघा. मग नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबा. हो, प्रत्येक. टचपॅडची दोन्ही बटणं, सगळे यूएसबी, इयरफोन, कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय. टाइप-सी असेल तर त्यातून चार्जिंग होतंय का तेही बघा, कारण त्या पोर्टची दुरुस्ती बोर्डाचं काम असतं.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' असं सलग लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' लिहा. अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठल्या फोल्डरात ठेवला ते तिथेच लिहून येतं. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे आहेत. पहिला ५०,००० आणि दुसरा ३८,००० असेल तर बॅटरीत ७६ टक्के दम आहे. साठच्या खाली असेल तर नवी बॅटरी घ्यावीच लागणार, तिचे पैसे भावातून कमी करा. डुप्लिकेट बॅटरी हे आकडे खोटेही दाखवते, म्हणून चार्जर काढून वीस मिनिटं यूट्यूबचा व्हिडिओ लावा. टक्के किती उतरतात ते बघा, आणि पंखा सतत घरघरतोय का, तळ हाताला चटका बसण्याइतका तापतोय का तेही त्याच वेळात कळतं.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. ते डिस्कची तब्येत टक्क्यांत आणि ती एकूण किती तास चालली ते दाखवतं. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी' उघडलं की किती स्लॉट आहेत आणि त्यांतले किती भरले आहेत हे झाकण न उघडता दिसतं.

शेवटी चार्जर. डेल आणि एचपीची यंत्रं चार्जर ओळखतात. ओळख पटली नाही तर डेलचं यंत्र बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही पाडतं. "लॅपटॉप स्लो झाला" म्हणून फॉरमॅट मारून घेणाऱ्या कित्येकांचं खरं दुखणं दोनशे रुपयांच्या नकली चार्जरमध्ये असतं.

भाव कसा करायचा

दुकानदाराने सांगितलेल्या किमतीत तुमचा पुढचा खर्च मिळवा आणि मगच दोन नगांची तुलना करा. समजा एक यंत्र १७,००० ला आहे, बॅटरी गेलेली, रॅम ८ जीबी. नवी बॅटरी ३,०००, वाढीव रॅम ४,०००. म्हणजे ते २४,००० चं झालं. दुसरं २१,५०० ला आहे, १६ जीबी रॅम, बॅटरी ८५ टक्के. स्वस्त कोणतं, हे आता वेगळं सांगायला नको. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बाजारातले टाकून हीच बेरीज करा.

रॅमच्या बाबतीत ही बेरीज सध्या विशेष महत्त्वाची झाली आहे. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. "आधी ८ जीबीचा घेऊ, रॅम नंतर टाकू" हा आजवरचा शहाणपणाचा सल्ला होता. आता रॅम आतच असलेला नग थोडा महाग दिसला तरी तो बहुतेकदा स्वस्त पडतो.

धंद्यासाठी घेत असाल तर बिलाचा प्रकार विचारा. जुन्या मालाचे व्यापारी मार्जिन योजनेखाली फक्त नफ्याच्या रकमेवर जीएसटी भरू शकतात. तशा बिलावर तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळत नाही. आयकरात मात्र संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो, त्यासाठी बिल हवंच.

विंडोजचा परवाना हाही भावाचाच भाग. कंपनीच्या लॅपटॉपांत मूळ परवान्याची की बहुधा बायोसमध्ये असते आणि विंडोज नव्याने टाकलं की आपोआप चालू होते. "ॲक्टिव्हेट करून दिलंय, ऑफिसही टाकलंय" याचा अर्थ बऱ्याचदा क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय चालू करणारं चोरटं सॉफ्टवेअर. आधार, पॅन आणि बँक ज्या यंत्रावर उघडणार त्यात कुणा अनोळख्याने बनवलेला क्रॅक ठेवू नका. घरी आल्यावर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून पेनड्राइव्ह तयार करून विंडोज कोरं टाका. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि मराठी युनिकोड नीट हाताळतं.

आहे त्यालाच नवं करायचं असेल तर

हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवणं हा अजूनही सगळ्यात मोठा फरक पाडणारा खर्च आहे. फिरणारी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी साधारण साडेपाचशे, एनव्हीएमई या नव्या जोडणीची तिसऱ्या पिढीची एसएसडी (ही पिढी प्रोसेसरची नव्हे, जोडणीची) साडेतीन हजारांपर्यंत. पण रोजच्या वापरात साटावरून एनव्हीएमईवर गेल्याने जाणवणारा फरक फार थोडा, हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर गेल्याचा फरक प्रचंड. विकत घेण्याआधी आपल्या यंत्रात काय बसतं ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. एम-डॉट-टू आकाराच्या पट्टीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात आणि दिसायला ते जवळपास सारखे असतात.

रॅम घेताना पिढी जुळलीच पाहिजे. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दोन स्लॉट असतील तर १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं आणि दोन वाटांनी डेटा मिळाला की ते चांगलं चालतं.

बसवताना क्रम असा. आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेर काढा. यंत्र पूर्ण बंद करा, चार्जर काढा. थिंकपॅड असेल तर बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करायचा पर्याय असतो, तो वापरा. नसेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा जोड काढा. हात एखाद्या धातूच्या नळाला लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅमची पट्टी तिरकी आत सरकवायची आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चापांनी टक असा आवाज केला पाहिजे. झाकण लावायच्या आधी एकदा चालू करून बायोसमध्ये नवी रॅम आणि एसएसडी दिसते का ते बघा. काढलेली हार्ड डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी ठेवा.

पाचव्या-सहाव्या पिढीच्या यंत्रात आता रॅम, एसएसडी, बॅटरी असा तिहेरी खर्च करू नका. एसएसडी एकवेळ घ्या, कारण ती पुढच्या यंत्रात नेता येते.

जुन्या सॉफ्टवेअरचं कोडं

या गोष्टीत महाराष्ट्रातली छोटी ऑफिसं हमखास अडकतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. कितीतरी पतसंस्था, दूध संस्था आणि दुकानं आजही फॉक्सप्रोवर लिहिलेल्या डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातल्या, प्रोग्रामवर खाती ठेवतात. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ६४ बिटची विंडोज जुने १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही. नवं यंत्र आणलं, जुनं एक्स्चेंजमध्ये दिलं आणि दुसऱ्या दिवशी खातेवही उघडेना, अशी वेळ येऊ देऊ नका. नव्या यंत्रावर डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रोग्राम चालतो का, छपाई होते का, हे जुनं यंत्र हातात असतानाच आजमावा.

डीटीपीवाल्यांचं, म्हणजे छपाईची पानं लावणाऱ्यांचं, तसंच. पेजमेकर, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्यासाठी संगणकाला लावायची छोटी किल्ली), युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बांधलेल्या लग्नपत्रिका आणि स्मरणिकांच्या वीस वर्षांच्या फायली. नवा डोंगल किंवा नवी आवृत्ती लागेल का हे आधी विक्रेत्याला विचारा. महत्त्वाच्या फायलींच्या पीडीएफ काढून ठेवा आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. शेवटचा जुना पीसी अशा वेळी विकण्यापेक्षा इंटरनेट तोडून कोपऱ्यात चालू ठेवलेला बरा.

आणि दुकानातल्या एका जागी बसणाऱ्या कामासाठी लॅपटॉप हवाच असं नाही. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, थिंकसेंटर असे कंपनीतून आलेले छोटे डेस्कटॉप लॅपटॉपपेक्षा स्वस्त मिळतात आणि आय-५ ८५०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर देतात. त्यांचा पॉवर सप्लाय मात्र कंपनीचा खास मापाचा असतो, तो चांगला आहे ना याची खात्री करा आणि यूपीएसचा खर्च बेरजेत धरा.

आपला जुना देताना

एक्स्चेंजमध्ये मिळणारी रक्कम थेट विक्रीपेक्षा कमीच असते. त्या बदल्यात कटकट वाचते. यंत्र चालू, स्क्रीन चांगली आणि आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल तर स्वतः विका. त्याआधीचं किंवा बिघडलेलं असेल तर एक्स्चेंज घ्या. डीडीआर-४ रॅमला सध्या चांगला भाव आहे, त्यामुळे बिघडलेल्या यंत्राची ऑफर स्वीकारण्याआधी आतली रॅम आणि एसएसडी सुटी विकून किती येतात तेही विचारून बघा.

देण्याआधी फायली तर काढालच, पण टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड, डिजिटल सहीचा टोकन आणि ऑफिसचा परवाना हे विसरलं जातं. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये 'रीसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि पुढे ड्राइव्ह पुसण्याचा 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करा. नुसत्या फायली डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट मारल्याने हार्ड डिस्कवरची माहिती जात नाही, फुकटच्या सॉफ्टवेअरने ती परत निघते. एसएसडी असेल तर बायोसमधला 'सिक्युअर इरेज' वापरा. मॅकवर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' करा आणि तो तुमच्या ॲपल खात्यातून निघाला ना ते फोनवर बघा. बंद पडलेल्या यंत्रातली डिस्क काढून स्वतःकडे ठेवा, ती देऊ नका.

जाहिरात टाकली की काही मिनिटांत "मी लष्करात आहे, बदली झाली आहे, आत्ताच पैसे पाठवतो" असा फोन येऊ शकतो आणि पाठोपाठ क्यूआर कोड. पैसे घेण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्याच खात्यातून पैसे जाणार. फसगत झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. गिऱ्हाइकाला घरी बोलावण्यापेक्षा वर्दळीच्या ठिकाणी भेटा आणि पैसे खात्यात दिसल्यावरच यंत्र द्या. दोन प्रतींत पावती करा: तारीख, सिरियल नंबर, रक्कम, दोघांच्या सह्या. उद्या ते यंत्र कुणी कशासाठीही वापरलं तरी ते कोणत्या दिवशी तुमच्या हातून गेलं याचा कागद तुमच्याकडे राहतो.

ज्याला काहीच भाव येत नाही ते भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत दबून पेट घेतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुनी यंत्रं अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. कंपनीच्या वेबसाइटवर जुना माल परत घेण्याची माहिती असते, आणि बऱ्याच शहरांत महापालिका व संस्था ई-कचरा गोळा करण्याची शिबिरं भरवतात. बॅटरी फुगलेली असेल तर ती टोचू किंवा दाबू नका. यंत्रातच असू द्या, चार्जिंग करू नका, आणि देताना घेणाऱ्याला ती फुगली आहे हे आधी सांगा.